चेहरा, उशीर आणि नोकरी: पीट पोस्टलथ्वेट यांच्या कारकिर्दीवरून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक झाली असेल तर ती तुमच्या लक्षात येईल. तुमचे वय ३२ आहे, तुम्ही माध्यमिक शाळेत शिकवता आणि गेली दहा वर्षे हौशी रंगभूमीवर काम करता. दोन मालिकांच्या ऑडिशनमध्ये तुमचा चेहरा नायकाचा नाही असे तुम्हाला सांगण्यात आले आणि एकाने तर तुमचे लांबलचक आडनाव बदलण्याचाही सल्ला दिला. त्याच सुमारास इंग्लिश नट पीट पोस्टलथ्वेट यांच्याविषयी तुमच्या वाचनात आले: तेही आधी शिक्षकच होते, त्यांचाही चेहरा रूढ अर्थाने देखणा नव्हता आणि चित्रपटांत त्यांचे नाव झाले ते चाळिशी उलटल्यावर. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. चरित्र अभिनेता, म्हणजे नायकाऐवजी भोवतालच्या वेगवेगळ्या माणसांच्या भूमिका करणारा नट होणे ही तडजोड आहे का, या वयात नोकरी सोडावी का, आणि आडनाव बदलावे का.

मी गेली तीस वर्षे व्यावसायिक नाटकांत आणि अधूनमधून चित्रपटांत अशाच भूमिका करत आलो आहे, आणि पोस्टलथ्वेट यांचे काम जितक्या बारकाईने पाहिले तितके फार थोड्या नटांचे पाहिले असेल. त्यामुळे उत्तर लांबेल. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो. उशिरा नशीब उघडलेला, सामान्य चेहऱ्याचा माणूस अशा रीतीने तुम्ही त्यांची गोष्ट वाचली असेल, तर तुमची दिशा चुकेल. त्यांना उशीर झालाच नव्हता. चित्रपटवाल्यांचे त्यांच्याकडे लक्ष उशिरा गेले, इतकेच.

त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९४६ रोजी वॉरिंग्टन या उत्तर इंग्लंडमधील औद्योगिक गावात, एका कष्टकरी कॅथलिक कुटुंबात झाला. तरुणपणी धर्मगुरू होण्याचा विचार त्यांच्या मनात होता. तो मागे पडला, त्यांनी शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि शाळेत नाट्य व शारीरिक शिक्षण हे विषय शिकवले. विशीच्या मध्यावर ते ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यविद्यालयात दाखल झाले आणि तेथून पुढे सत्तरच्या दशकात लिव्हरपूलच्या एव्हरीमन नाट्यगृहात काम करू लागले. म्हणजे शिक्षकाची नोकरी त्यांनी सोडली ती तुमच्यापेक्षा बऱ्याच लहान वयात, आणि सोडून ते थेट औपचारिक शिक्षणाकडे गेले, कामाच्या शोधात भटकायला नव्हे. हा फरक तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मोठा आहे.

एव्हरीमनबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढचे सारे तेथे घडले. लिव्हरपूलच्या होप स्ट्रीटवर एका जुन्या प्रार्थनागृहाच्या इमारतीत १९६४ मध्ये हे नाट्यगृह सुरू झाले होते. सत्तरच्या दशकात ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस, अँटनी शेर ही नटमंडळी तेथे होती आणि विली रसेल व अ‍ॅलन ब्लीझडेल यांच्यासारखे लेखक शहरातल्या माणसांवर, शहराच्या बोलीत नाटके लिहीत होते. समोर बसणारा प्रेक्षक गोदीत, कारखान्यात, दुकानात काम करणारा होता आणि रंगमंचावरचा माणूस खोटा वाटला तर ते त्याला लगेच कळत असे. अशा कायमस्वरूपी संचात आज नोकर, पुढच्या नाटकात राजा, त्याच्या पुढच्यात कुणाची तरी म्हातारी मावशी अशी कामे त्याच मोजक्या नटांना वाटून घ्यावी लागतात. चेहरा कसा आहे हा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही, कारण नाटकातली सगळी माणसे हाताशी असलेल्या चेहऱ्यांतूनच उभी करायची असतात. पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनीतही ते होते आणि १९८६ मध्ये ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात त्यांनी बॉटम विणकर केला. १९८८ मध्ये टेरेन्स डेव्हिस यांच्या ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज’ या चित्रपटामुळे समीक्षकांचे लक्ष त्यांच्याकडे गेले, तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. पण त्या ४२ पैकी जवळजवळ पंधरा वर्षे ते रोजच्या रोज तालमी आणि प्रयोग करत होते.

म्हणून तुमचा खरा प्रश्न वयाचा नाही आणि चेहऱ्याचाही नाही. एवढा रोजचा सराव तुम्हाला कोठे मिळणार आहे, हा तो प्रश्न आहे. नोकरी सोडण्याचा विचार त्याच्यानंतर करायचा.

आता त्या सरावातून नेमके काय मिळते ते सांगतो, कारण ‘तडजोड’ या तुमच्या शब्दाचे उत्तर तेथे आहे. ‘डिस्टंट व्हॉइसेस’ मी पहिल्यांदा पुण्यात एका चित्रपट मंडळाच्या खेळाला पाहिला. तेव्हा मी नाटकात पाच वाक्यांचा हवालदार करत होतो, आणि आपण प्रेक्षकांच्या लक्षात राहावे म्हणून त्या पाच वाक्यांना मी मिशी पिळणे, टोपी सावरणे, खाकरणे अशा नाना गोष्टी जोडल्या होत्या. हशा मिळत होता. आमच्या संचातल्या एका ज्येष्ठ नटाने एकदा विंगेत मला बाजूला घेतले आणि सांगितले, ‘तू आत येतोस तेव्हा आमचं नाटक थांबतं, तू गेलास की आम्हाला ते परत सुरू करावं लागतं.’ मला त्यांचा राग आला होता. पुढे त्या चित्रपटातला बाप पाहिल्यावर त्यांचे म्हणणे कळले.

तो बाप म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांतला लिव्हरपूलचा एक कामगार, घरात सगळ्यांना मारझोड करणारा. त्याला पडद्यावर वेळ कमी आहे. नाताळच्या आदल्या रात्री तो झोपलेल्या मुलांच्या पायाशी भेटीचे मोजे अडकवतो आणि ‘देव तुमचं भलं करो, पोरांनो’ अशा अर्थाचे शब्द अगदी हळुवारपणे उच्चारतो. त्यानंतरच्या दृश्यात मांडलेल्या जेवणाच्या टेबलापाशी मुले बसलेली आहेत. बाप चादरीचे टोक मुठीत धरतो, सगळे जेवण खाली ओढून पाडतो आणि हे आवर म्हणून बायकोवर ओरडतो. मध्ये कसलेही स्पष्टीकरण नाही, त्याच्या मनात काय झाले ते सांगणारे एकही वाक्य नाही. साधा नट अशा ठिकाणी पहिल्या दृश्यात दुसऱ्याची चाहूल देतो, किंवा दुसऱ्यात पहिल्याचा पश्चात्ताप मिसळतो, म्हणजे प्रेक्षकाला जोडकाम सोपे जाते. पोस्टलथ्वेट यांनी तसे केलेले नाही. रात्रीची माया पूर्ण खरी आहे आणि सकाळचा संतापही पूर्ण खरा आहे. दोन्ही एकाच माणसाचे आहेत याची हमी त्या देहातून मिळते, खांद्यांच्या त्याच ठेवणीतून, बोटांच्या त्याच जडपणातून. पुढे तोच बाप तबेल्यात घोड्याला खरारा करत स्वतःशीच गाणे गुणगुणतो आणि मुले माळ्यावरून चोरून ते पाहतात. तेथे त्याला कोणी पाहत आहे याची जाणीव नटाने जराही होऊ दिलेली नाही. मिशी पिळणारा माझा हवालदार सतत पाहिला जात होता आणि त्याला ते माहीत होते, हा माझा दोष मला त्या तबेल्याच्या दृश्यात दिसला.

दुसरे उदाहरण १९९३ च्या ‘इन द नेम ऑफ द फादर’ मधले. १९७४ मध्ये इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथे पबमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर निरपराध माणसे तुरुंगात डांबली गेली. त्यांतल्या जेरी कॉनलन यांचे वडील जुझेप्पी यांनाही शिक्षा झाली आणि १९८० मध्ये कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. पडद्यावर बाप आणि मुलगा एकाच कोठडीत दाखवले आहेत. प्रत्यक्षात तसे नव्हते आणि त्याबद्दल चित्रपटावर टीकाही झाली. मुलगा होता डॅनियल डे-लुइस, आणि पोस्टलथ्वेट त्याच्याहून फक्त अकरा वर्षांनी मोठे. वय वाढवण्यासाठी आपल्याकडे नट लगेच पाठीत वाकतो आणि आवाज कापरा करतो. त्यांनी वय श्वासात ठेवले. फुप्फुसे दुबळी झालेला माणूस वाक्याच्या मध्ये कोठे थांबेल, किती शब्दांनंतर त्याला हवा लागेल, हे एकदा ठरल्यावर बाकी सारे शांत राहू शकले. हा बाप मुलावर चिडतो तेव्हाही त्याचा आवाज चढत नाही, कारण चढवायला त्याच्याकडे श्वासच नाही, आणि त्यामुळे त्याची चीड भयंकर वाटते. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले.

‘द यूझ्वल सस्पेक्ट्स’ (१९९५) तुम्ही पाहिला असल्याचे लिहिले आहे, म्हणून त्यावर थोडक्यातच लिहितो. कोबायाशी हा वकील नावाने जपानी, पण चेहऱ्यावरून आणि बोलण्यावरून तो कोठला हे सांगता येत नाही. अनेकांना ही विचित्र निवड वाटते. मला ती अतिशय विचारपूर्वक केलेली वाटते, कारण चित्रपटाचा शेवट कळल्यावर लक्षात येते की हे नावच उसने आहे, आणि उसन्या नावाच्या माणसाला नटाने घर नसलेली बोली दिली आहे. भूमिकेचा अर्थ संपूर्ण संहितेत शोधायचा, आपल्या वाट्याच्या पानांत नव्हे, हे येथे शिकायला मिळते. माझ्या तालमींत मी नव्या मुलांना त्यांची दृश्ये सोडून बाकीचे नाटक तोंडी सांगायला लावतो ते याचसाठी.

आणि मग ‘ब्रास्ड ऑफ’ (१९९६). त्यांची एकच भूमिका पाहायची असेल तर मी ही सांगेन. यॉर्कशायरमधील एका कोळसा खाणीच्या कामगारांचा ब्रास बँड आहे आणि खाण बंद होणार आहे. चित्रपटातले गाव काल्पनिक असले तरी त्यामागे ग्राइमथॉर्प हे खरे गाव आहे. तेथील खाण बंद करण्याची घोषणा ऑक्टोबर १९९२ मध्ये झाली आणि त्याच महिन्यात तेथील बँडने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. चित्रपटातले संगीतही त्याच बँडने वाजवलेले आहे. पोस्टलथ्वेट यांचा डॅनी हा बँडचा संचालक, कोळशाच्या धुळीने छाती पोखरलेला निवृत्त खाणकामगार. त्याला संगीताशिवाय दुसरे काही दिसत नाही. माणसांची घरे मोडत असताना तो तालमीला उशीर का झाला हे विचारतो. असा माणूस सहज गोड करता आला असता. त्यांनी त्याचा हेकटपणा तसाच ठेवला, म्हणून शेवटी अल्बर्ट हॉलमध्ये तो पारितोषिक नाकारतो आणि संगीतापेक्षा माणसे मोठी आहेत हे मला आता कळले असे सांगतो, तेव्हा ते भाषण न वाटता कबुली वाटते. ते दृश्य आवाज बंद करूनही एकदा पाहा. हा माणूस आजारी आहे, उभे राहण्यासाठी त्याला ताकद वापरावी लागत आहे, आणि प्रत्येक वाक्याआधी तो ती गोळा करतो आहे. सभागृहातल्या बड्या लोकांवर मात करण्याचा आव त्यात कोठेही नाही.

या माणसांत एक धागा आहे. वॉरिंग्टनच्या कष्टकरी कॅथलिक घरातल्या माणसाला हे बाप, हे कामगार, त्यांचा अबोलपणा आणि त्यांची श्रद्धा पुस्तकातून शिकावी लागली नाही. पण नुसते ओळखीचे असणे पुरत नाही, हे मी माझ्या अनुभवावरून ठामपणे सांगतो. माझे वडील गिरणीत होते, तरी गिरणी कामगाराची भूमिका मिळाली तेव्हा मी पहिले दोन महिने ती अत्यंत ढोबळ केली, कारण ओळखीच्या माणसाविषयी आपल्याला वाटणारी माया नट आधी दाखवू लागतो आणि माणूस मागे राहतो. ओळखीचे जे आहे ते अंतरावर धरून पाहण्याची सवय रोजच्या कामातूनच लागते.

१९९७ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी त्यांना ‘द लॉस्ट वर्ल्ड’ आणि ‘आमिस्टाड’ या दोन चित्रपटांत घेतले आणि ते जगातले सर्वोत्तम नट असल्याचे उद्गार काढले. त्यावर पोस्टलथ्वेट म्हणत की, स्पीलबर्ग यांचे खरे वाक्य ‘आपण जगातले सर्वोत्तम नट आहोत असे पीटला वाटते’ असे असणार. हा प्रसंग सगळे सांगतात. त्यानंतर त्यांनी काय केले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. ते रंगभूमीवर परतले. शंभर वर्षे जगलेल्या विदूषकाचे ‘स्करामूश जोन्स’ हे एकपात्री नाटक घेऊन ते देशोदेशी फिरले. २००७ मध्ये मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंज नाट्यगृहात त्यांनी शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ मधला प्रॉस्पेरो केला. २००८ मध्ये लिव्हरपूल ही युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरली, तेव्हा ६२ व्या वर्षी आपल्या जुन्या एव्हरीमनमध्ये ते किंग लिअर म्हणून उभे राहिले. दिग्दर्शक रूपर्ट गूल्ड यांच्या त्या निर्मितीवर तेथे बरीच टीका झाली. मग तिच्यात फेरफार करून ती लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहात गेली. हॉलिवूडमध्ये मागणी असलेला साठीपुढचा नट स्वतःहून तालमीच्या खोलीत जातो, टीका सोसतो आणि तेच नाटक पुन्हा बांधतो, याचे मला फार मोल वाटते. २००९ च्या ‘द एज ऑफ स्टुपिड’ या हवामानबदलावरील माहितीपटात ते २०५५ सालचे एकाकी संग्राहक झाले होते. त्यात मुंबईत स्वस्त विमानसेवा सुरू करणाऱ्या एका उद्योजकाचाही भाग आहे, म्हणून आपल्याकडच्या प्रेक्षकाला तो अधिक जवळचा वाटेल. २ जानेवारी २०११ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आदल्याच वर्षी ‘इन्सेप्शन’ मध्ये त्यांनी मृत्युशय्येवरचा बाप केला होता आणि ‘द टाउन’ मध्ये फुलांच्या दुकानात बसून गुन्ह्यांची सूत्रे हलवणारा म्हातारा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते स्पष्ट सांगतो, कारण येथे खोटा धीर देणे योग्य होणार नाही. त्यांच्या तरुणपणी इंग्लंडमध्ये सरकारी मदतीवर चालणारी प्रादेशिक नाट्यगृहे होती, तेथे नटाला ठरावीक मुदतीचा करार आणि आठवड्याचा पगार मिळे. आपल्याकडे असा कायमचा संच जवळजवळ नाही. व्यावसायिक नाटकात नटाला नाईट मिळते, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे, आणि छोट्या भूमिकेच्या नाईटवर घर चालत नाही. मालिकेत महिन्याचे दिवस मिळतात, पण तेथे रोज एकच माणूस एकाच सुरात करावा लागतो आणि सराव त्या सुरापुरता मर्यादित राहतो. तुमच्यावर कोण अवलंबून आहे, घर भाड्याचे आहे का, मुंबई-पुण्यात राहण्याची सोय आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही आणि त्यावर बरेच ठरेल.

त्यामुळे नोकरीबद्दल माझे मत असे आहे की आज ती सोडू नका. त्याऐवजी पुढची दोन वर्षे सराव जाणीवपूर्वक वाढवा. तुमच्या हौशी संचात दरवर्षी एकच नाटक स्पर्धेसाठी बसवून तेच पुन्हा पुन्हा करण्याची पद्धत असेल, तर वर्षात निदान चार वेगवेगळ्या माणसांची कामे करण्याचा आग्रह धरा, भले ती दोन पानांची असोत. दौऱ्यावर असलेल्या व्यावसायिक नाटकांना सुट्टीच्या काळात रिप्लेसमेंटची, म्हणजे येऊ न शकणाऱ्या नटाच्या जागी उभे राहणाऱ्या नटाची गरज पडते. चार दिवसांत पाठांतर करून उभे राहणारा नट त्यांना हवा असतो, आणि मी स्वतः या व्यवसायात त्याच वाटेने आलो. शाळा हीदेखील सरावाची जागा आहे. पालकसभेला येणारे चाळीस बाप काय बोलतात यापेक्षा ते खुर्चीवर कसे बसतात, मुलाचे गुण ऐकताना त्यांचे हात कोठे जातात, हे पाहून ठेवा. रजा अपुऱ्या पडू लागतील इतके काम दोन वर्षांत येऊ लागले, तर नोकरीचा विचार करण्याची ती वेळ असेल.

‘तडजोड’ या शब्दाबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे की, नायकाला बहुधा एका गोष्टीत एकच माणूस व्हावे लागते आणि त्याची जमेची बाजू म्हणजे प्रेक्षकाला तो आधीपासून आवडत असतो. तुमच्यासारख्या नटाला ती सवलत नसते. दार उघडून आत येताक्षणी या माणसाचे मागचे सगळे आयुष्य प्रेक्षकाला पटले पाहिजे, आणि ते आयुष्य सांगायला संहितेत जागा नसते. मला हे काम अवघड वाटते आणि तीस वर्षांनंतरही ते दुसऱ्या कशाशी बदलावेसे वाटत नाही.

राहता राहिले आडनाव. पोस्टलथ्वेट यांनाही सुरुवातीला आडनाव बदलण्याचा सल्ला मिळाला होता. ते लांब आहे, उच्चारायला कठीण आहे, लोकांच्या लक्षात राहणार नाही, असा त्यामागचा विचार. त्यांनी ते बदलले नाही. तुमच्या आडनावात चारच अक्षरे जास्त आहेत. श्रेयनामावलीत ते व्यवस्थित मावेल. ते तसेच ठेवा, आणि ‘ब्रास्ड ऑफ’ मधले ते शेवटचे दृश्य पाहून झाले की तुम्हाला काय दिसले ते मला लिहा.